दगड मुरत ठेवलाय

“दगडाक पैसे दिलंस?”

आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि बिलाचा कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. आकडा तोच होता. साठ पौंड दगड, म्हणजे साधारण २७ किलो, अधिक विमानाचं भाडं. तिने मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले असावेत, कारण पुढचं वाक्य यायला जरा वेळ लागला. “एवढ्यात आपल्या मागल्या गडग्याचे चिरे इले असते.”

हिशोब चुकीचा नव्हता. आमच्या वेंगुर्ल्याकडे दगड विकत घ्यायचा म्हणजे जांभ्याचा चिरा, तोही नगावर, घर नाहीतर गडगा बांधायला. समुद्रातल्या दगडाला किंमत नसते. ओहोटीला खडपावर जायचं, कालवं फोडायची, वाटीभर माल घेऊन घरी यायचं. खडप तिथेच राहतं. ते उचलून घरी आणावं असं तिथल्या माणसाला सुचणार नाही. त्यासाठी समुद्रापासून लांब राहावं लागतं, आणि मी राहतो कोलंबसमध्ये, ओहायो राज्यात, जिथून खारं पाणी गाठायला दिवसभर गाडी हाकावी लागते. माझ्या तळघरात ७५ गॅलनची काचेची टाकी आहे, म्हणजे २८५ लिटरच्या आसपास. तिच्यात समुद्र करायचा होता. त्यासाठी दगड.

लाइव्ह रॉक हे नाव मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जत्रेतल्या फसवणुकीसारखं वाटलं होतं. दगड जिवंत कसा असेल? तो नसतोच. मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे, शिंपल्यांचे चुरे आणि या सगळ्याला सिमेंटसारखं लिंपून धरणारं एक गुलाबी-जांभळं कडक शेवाळ, असं ते गाठोडं असतं. मूळ द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट, पानाला लावायच्या चुन्याचं सख्खं भावंड. जिवंत असतं ते त्याच्या भोकांत राहणारं गाव. त्यातले डोळ्यांना दिसणारे रहिवासी मजेशीर असतात, पण घर चालवतात ते न दिसणारे.

मासा खातो, हगतो, आणि पाण्यात अमोनिया होतो. समुद्राला त्याचं काही वाटत नाही, २८५ लिटरला वाटतं. दगडाच्या बाहेरच्या अंगावर, जिथे प्राणवायू मुबलक आहे, तिथे जिवाणूंची एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. इथवरचं काम कुठलाही खडबडीत पृष्ठभाग करून देतो, अगदी प्लास्टिकची जाळीसुद्धा. पण नायट्रेट साठत राहतं. दगडाच्या आत, खोल, जिथे पाणी इतक्या सावकाश झिरपतं की वाटेतच त्यातला प्राणवायू संपून जातो, तिथे तिसरी जमात बसलेली असते. ती श्वासासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन काढून घेते आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्याबाहेर निघून जातो. हवेतला आला, हवेत गेला.

म्हणून चांगला दगड हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागतो. नारळ घेताना आपण जड आणि पाणी वाजणारा बघतो, इथे बरोबर उलटं. आणि गंमत अशी की माल विकला जातो वजनावर. मला हवी असते आतली पोकळी, विक्रेता पैसे घेतो पोकळीच्या भोवतालच्या चुन्याचे. हा व्यवहार आईला समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, “म्हणजे वड्याच्या भोकाचे पैसे.” मी तो नाद सोडला.

ही युक्ती कुठल्या प्रयोगशाळेतून आली नाही. जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. समुद्रातून जिवंत दगड उचलून ते काचेच्या टाकीत ठेवत, बारीकशी हवा सोडत, आणि त्यांचे मासे जगत. १९६१ साली अमेरिकेतल्या एका मत्स्यपालनाच्या मासिकात त्यांनी ते लिहिलं. त्या काळी खाऱ्या पाण्याचे शौकीन प्रवाळांचे सांगाडे ब्लीचमध्ये धुऊन, पांढरे शुभ्र करून टाकीत मांडत, हिरवे झाले की काढून पुन्हा धूत. स्वच्छतेची एवढी हौस की जे काम करणार तेच मारून टाकायचं. एंग यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी भरपूर जिवंत दगड आणि पाण्याचा फेस काढून टाकणारं एक नळकांडं अशी जोडी जमवली आणि ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर गेली. जकार्ताचं नाव मागे पडलं. असं होतं.

खरं तर मी आधी स्वस्तातला मार्ग धरला होता. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून जांभळे दगड आणले, ‘लाइव्ह’ अशी चिठ्ठी लावलेले. घरी नखाने खरवडून पाहिलं तर जांभळा रंग निघाला आणि खाली सिमेंट. तसे बनवलेले दगड वाईट नसतात, अनेकांच्या टाक्या त्यांच्यावर उत्तम चालतात, फक्त ते काय आहेत हे सांगून विकावेत एवढंच. मग खाणीतले कोरडे पांढरे दगड आणले. त्यांच्यावर पहिले काही आठवडे तपकिरी धूळ बसली, नंतर नाकातून वाहतो तसला बुडबुड्यांचा चिकट शेंबूड आला. मी तो नळीने ओढून काढायचो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो परत हजर. सहा महिने हे चाललं. रिकामं गाव बघून आधी उपटसुंभ घुसतात, तसलं काहीतरी. शेवटी टाकी रिकामी केली.

मधे एकदा वाटलं होतं की गावाहून जांभाच आणावा. त्यालाही केवढी भोकं! पण ती सगळी लोखंडाची गंजकी भोकं. लोह पाण्यात उतरलं की शेवाळाला खतपाणी. शिवाय विमानतळावर बॅगेतल्या चिऱ्याबद्दल काय सांगणार?

मग अस्सल समुद्री दगडाचा विचार सुरू झाला, आणि तिथे माझी गाडी बराच काळ रुतली. एके काळी या धंद्यातला मानाचा माल फिजीचा असे. हलका, फांद्याफांद्यांचा, जांभळा. लोक पहारीने रीफचे, म्हणजे प्रवाळांच्या खडकाचे, तुकडे काढत, टोपल्या भरत, आणि पेट्या लॉस एंजेलिसला उतरत. हा दगड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात कठीण प्रवाळांच्या गटातच धरला जातो, परवान्याशिवाय सीमा ओलांडत नाही. २०१८च्या सुमारास फिजीने निर्यातच थांबवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इथल्या काही जुन्या शौकिनांना वाटलं, आणि ते वाटणं त्यांनी मला बियर पिता पिता बराच वेळ समजावून सांगितलं.

मला आठवत होतं मन्नारचं आखात. रामेश्वर आणि तुतिकोरिन यांच्यामधली २१ छोटी बेटं. कॉलेजात असताना आम्ही मित्र तिकडे भटकायला गेलो होतो आणि किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाने पडकी भिंत दाखवली होती, प्रवाळाच्या ठोकळ्यांची. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या रीफ खणून चुना भाजला गेला, रस्ते आणि भिंती बांधल्या गेल्या, माल कारखान्यांना गेला. बेटांपुढची भिंत गेल्यावर लाटा सरळ बेटांवर आल्या. २१पैकी दोन बेटं आज पाण्याखाली आहेत. भारताने २००१ साली सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघाच्या पंक्तीला. म्हणजे मुंबईत कुणी तुम्हाला समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ देऊ करत असेल, तर तो काय विकतोय हे त्याला ठाऊक असो वा नसो, तुम्हाला असायला हवं.

हे सगळं ठाऊक असून तळघरात रीफ हवी, हा माझा पेच.

सुटका फ्लोरिडाने केली. १९९७ पर्यंत फ्लोरिडाच्या आसपासच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक उचलणं पूर्ण बंद झालं होतं. त्याऐवजी परवाना काढून समुद्राच्या तळाचा तुकडा भाड्याने घ्यायचा, जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड बोटीने नेऊन तिथे टाकायचा आणि वाट बघायची. एका अर्थी शेती. टाकलेला दगड तिथल्या नैसर्गिक दगडापासून वेगळा ओळखता आला पाहिजे, अशी अटच आहे, नाहीतर शेताच्या नावावर रान कापलं जायचं. दोन-चार वर्षांत समुद्र त्या दगडाचा ताबा घेतो. मग पाणबुडे खाली जातात आणि पीक वर काढतात.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. फ्लोरिडाची जमीन हीच मुळात जुन्या समुद्राचा तळ. म्हणजे तो दगड एकदा समुद्रात तयार झाला, पाणी हटल्यावर लाखभर वर्षं किंवा त्याहून जास्त उन्हात पडून राहिला, खाणीतून निघाला, ट्रकमधून गेला, परत समुद्रात पडला, आणि आता विमानात बसून ओहायोत येणार होता. आमच्या गावातून मुंबईला, मुंबईहून इकडे आलेल्या माणसाला अशा दगडाबद्दल थोडी माया वाटणारच.

ऑक्टोबरच्या एका रात्री विमानतळाच्या मालवाहू विभागात खोकी घ्यायला गेलो. ऑक्टोबर मुद्दाम निवडला होता, हिवाळ्यात हा माल वाटेतच गारठून मरतो. खिडकीवरच्या बाईने कागद पाहिला, मला पाहिलं. “रॉक्स?” “हो.” “लाइव्ह?” “हो.” तिने काही क्षण तो विनोद आहे का याचा अंदाज घेतला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. तीन खोकी. एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. गाडीत हीटर लावून घरी येईपर्यंत मागच्या सीटवरून वास यायला लागला होता.

तो वास मला तीस वर्षांनी भेटला. तळघरात पहिलं खोकं उघडलं, ओल्या कागदाची गुंडाळी सोडवली, आणि वर स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “सुकतेचो वास कसो इलो रे?”

ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. खडप उघडं पडल्यावर शेवाळ, मीठ, कालवांचं पाणी आणि उन्हाने अर्धवट तापलेला ओला दगड यांचा मिळून जो वास येतो तो. आई जिना उतरून खाली आली. गुडघ्यांमुळे ती एरवी तळघरात यायचं टाळते.

दगड ओळीने टबात ठेवत गेलो. केशरी स्पंज, हिरवट शेवाळाचे पुंजके, बोटाच्या पेराएवढी पारदर्शक पिशवीसारखी काहीतरी मंडळी, नळीतून पिसारा काढून बसणारे किडे, आणि दगडालाच गच्च चिकटलेले शिंपले. आईने खाली वाकून एका शिंपल्यावर नख वाजवलं. “कालव. पण ल्हान आसा.” फ्लोरिडाच्या कालवाला वेंगुर्ल्याची ओळख पटली.

मग सुरू झाला तो प्रकार, ज्याला इंग्रजीत क्युअरिंग म्हणतात. प्रवासात, पाण्याबाहेर, दगडावरचं बरंच काही मरतं. स्पंजला हवा लागली की तो सहसा संपलाच. हे सगळं कुजतं, अमोनिया होतो, आणि तो दगड सरळ माशांच्या टाकीत टाकला तर मासे मरतात. म्हणून दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा. अंधार ठेवायचा, म्हणजे शेवाळ माजत नाही. पाणी २५-२६ अंशांवर, पंपाने सतत ढवळतं. दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाणी बदलायचं आणि कुजलेले भाग जुन्या टूथब्रशने, चिमट्याने काढून टाकायचे.

“ह्यां काय चललाहा?” आईने विचारलं.

क्युअरिंगला मराठी शब्द शोधताना तोंडातून निघून गेलं, “मुरत ठेवलाय.”

“लोणचां मुरता. दगड खंय मुरता?”

पण शब्द तिला पटला असावा, कारण दुसऱ्या दिवशी फोनवर ती मावशीला सांगत होती की झिलाने दगड मुरत घातलाय. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. आई बराच वेळ हसत होती.

तिसऱ्या दिवशी सुकतीचा वास गेला आणि त्या जागी दुसरा आला. तो मी वर्णन करत नाही. बायकोने तळघराचं दार बंद केलं, दाराखाली टॉवेल लावला आणि मला जेवायला वाढताना माझ्याकडे बघितलं नाही. लेकीने मैत्रिणीला घरी बोलवायचं पुढे ढकललं. मी रात्री अकरा वाजता मिठाच्या बादल्या ढवळत होतो, लिटरला ३५ ग्रॅम. आईचं माहेर शिरोडा. १९३० साली तिथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि तिथल्या बाईचा मुलगा इथे डॉलर मोजून बादलीबंद मीठ आणतो आणि फिल्टरच्या पाण्यात कालवतो. यावर आई काही बोलली नाही. बोलण्यापलीकडचंच होतं ते.

माझ्याकडे तपासणीचा संच होता. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटांनी रंग बघायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे अमोनिया. पाचव्या दिवशी हिरवा इतका गडद होता की तक्त्यावर त्याच्या पुढे रंगच नव्हता. एक मोठा दगड मला वाचवायचा होता, त्याच्यावरचा केशरी स्पंज हातभर पसरलेला आणि फार देखणा होता. कडेने पांढरा पडत चालला होता तरी मी रोज आशेने बघायचो. आई वरच्या पायरीवर बसून हे पाहत होती. म्हणाली, “जगतला तां जगतला, मरतला तां मरतला. मेलेला घेवन बसा नको, जिता आसा तां पण कुजवतला.” मी चिमटा घेतला आणि स्पंज खरवडून काढला. हाताला तो वास दोन दिवस होता.

पुढे गंमत अशी झाली की संचाच्या रंगांपेक्षा आईचं नाक जास्त बारीक निघालं. ती रोज सकाळी दार किलकिलं करायची आणि निकाल द्यायची. “आज काल परास बरां.” “आज परत घाण.” आयुष्यभर बाजारात माशाचे कल्ले उघडून बघणाऱ्या, सुकं खारं वाळवणाऱ्या नाकाला अमोनियाच्या छटा शिकवाव्या लागत नाहीत. अठराव्या दिवशी ती म्हणाली, “झाला.” मी थेंब टाकले. पिवळा.

दगड टाकीत गेले. कसे रचायचे यावर मी तीन संध्याकाळ घालवल्या. पाणी मागूनही फिरलं पाहिजे, भिंत नको, गुहा हव्यात. अर्ध्या तासात लेकीने दोन दगड हलवून जे केलं तेच शेवटी ठेवलं.

आणि मग बिऱ्हाडकरू बाहेर पडायला लागले. दिवसा काही नाही. रात्री लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसलं की दिसतात, कारण लाल उजेड त्यांच्यातल्या बहुतेकांना जाणवत नाही. काटेरी केसांचा गुलाबी किडा भोकातून अर्धा बाहेर यायचा, काचेवरचं काहीतरी चाखायचा आणि रबर सोडल्यासारखा आत जायचा. हात लावला तर केस कातडीत मोडतात, हे मला पुस्तकाने सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं. केसाएवढ्या पायांचे सर्पतारे. कणाएवढे उड्या मारणारे जीव, शेकडो. एका कोपऱ्यात काचेसारखं पारदर्शक तपकिरी फूल उगवलं, त्याला लेक ‘पाम ट्री’ म्हणाली. ते ऐप्टेशिया, समुद्रफुलांमधलं गाजरगवत. तोडलं तर प्रत्येक तुकड्यातून नवं येतं. त्यासाठी ते खाणारी एक पट्टेरी कोळंबी वेगळी विकत आणली. दगडाबरोबर फुकट आलेल्यासाठी पुन्हा पैसे. हे आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोन गोगलगायी रिकाम्या सापडल्या. आणि त्याच रात्री तो आवाज पहिल्यांदा आला. टक्‌. काचेला तडा जावा तसा, कोरडा, एकच. मी धावत खाली गेलो, टाकीच्या चारी कडा हातांनी चाचपल्या. काही नाही. परत बिछान्यात पडलो. टक्‌.

या छंदातल्या माणसाला हा आवाज आला की दोन संशय येतात. एक म्हणजे मँटिस श्रिंप, पुढचे पाय मुठीसारखे हाणून शिंपले फोडणारा गुंड. दुसरी पिस्तूल कोळंबी, जी तशी निरुपद्रवी असते. गोगलगायी मेल्या होत्या, म्हणून मी पहिल्यालाच दोषी धरून टाकलं. बाटलीचा सापळा केला, चार रात्री जागलो. काही लागलं नाही.

आईने एका मेलेल्या गोगलगायीचा शंख हातात घेतला. फिरवून पाहिला. “फोडूक नाय. वडून काढल्यान. कुर्ली ती.” शंखाला खरंच तडा नव्हता. मग तिने काचेचा उंच पेला मागितला, इंडियन दुकानातून आणलेल्या सोड्यांपैकी एक त्यात टाकला आणि मला तो दगडाला टेकवून तिरपा ठेवायला सांगितला. “कुर्लेक वास व्हयो. भितर जाता, गुळगुळीत काचेर चडाक येणा नाय.” सकाळी पेल्यात केसाळ काळपट खेकडा बसला होता, नांग्यांची टोकं काळी. रुपयाएवढा. जगभरचे छंदिष्ट हाच पेल्याचा सापळा एकमेकांना शिकवत असतात, हे मी नंतर वाचलं. त्या खेकड्याला बाहेरच्या बादलीत एक दगड देऊन ठेवलाय, अजून आहे.

टक्‌ चालूच राहिलं. म्हणजे ती पिस्तूल कोळंबी होती, आणि तिने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

तिचा आवाज नांगीवर नांगी आपटल्याचा असावा असं बरीच वर्षं मानत. २००० साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा वेगळंच निघालं. नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्याची चिळकांडी उडते, तिच्या मागे क्षणभर पोकळी तयार होते, एक बुडबुडा. आवाज येतो तो हा बुडबुडा कोसळताना. म्हणजे पुन्हा पोकळीच. दगडात तीच, आवाजात तीच. मी हे लेकीला सांगत होतो तेव्हा आई म्हणाली की लहानपणी काकांच्या होडीत ती तळाला कान लावून झोपायची, तेव्हा खालून फोडणी तडतडल्यासारखा आवाज यायचा. काका सांगायचे, समुद्र भाजी परततोय. उबदार उथळ समुद्रांत असा तडतडाट करणारे मुख्यतः या कोळंबीचेच भाऊबंद असतात. आईला सत्तरीत, समुद्र नसलेल्या गावात, तो स्वयंपाकी सापडला.

नोव्हेंबरात एका रविवारी तिला शहर दाखवायला नेलं. कोलंबसमध्ये दाखवण्यासारखं म्हणजे राज्याची विधानसभा. १८३९ साली पायाभरणी झाली, पूर्ण व्हायला १८६१ उजाडलं, बराचसा दगड तुरुंगातल्या कैद्यांकडून घडवून घेतला. दगड जवळच्याच नदीकाठचा, त्याचं नावच कोलंबस लाइमस्टोन. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्याच्यावर उबदार, उथळ समुद्र होता. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे पोर.

मी पंधरा वर्षं या इमारतीवरून जातोय. पायऱ्यांकडे कधी पाहिलं नव्हतं. लेक बुटाच्या टोकाने एका पायरीवर काहीतरी घासत होती. शिंगाच्या आकाराची रेघ, आत बारीक आडव्या-उभ्या पडद्यांची नक्षी. प्रवाळ. शेजारी अजून एक. खांबावर शिंपल्याची कड. थंडी मरणाची होती, नाकं लाल झाली होती, आणि आम्ही तिघं सरकारच्या दारात वाकून खडप बघत होतो. पहारेकऱ्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

“आजी, हा पण लाइव्ह रॉक होता?” लेकीने विचारलं.

आईने हातमोजा काढून दगडावर तळवा ठेवला. “होय गो. ह्यो पुरो मुरलेलो.”

मार्चमध्ये ती परत गेली. टाकी आता बरी चाललीय. दोन विदूषक मासे आहेत, एक पिवळसर गोबी आहे, मागच्या दगडावर न बोलावता आलेलं नखाएवढं कठीण प्रवाळ फुगून बसलंय. परवान्याच्या शेतातल्या दगडावर आपसूक रुजलेलं, म्हणून ते ठेवायला हरकत नाही. नायट्रेट दोन महिने वाढलेलं नाही. आत कुठेतरी ती तिसरी जमात कामाला लागली असणार.

आई रविवारी फोन करते. आधी लेकीची चौकशी, मग माझ्या खोकल्याची, मग गडग्याची. यंदा पावसाआधी चिरे लावून घेणार आहे. शेवटी विचारते, “तो टिचक्ये मारणारो आसा मां?”

मग मी फोन घेऊन तळघरात जातो आणि काचेला लावून धरतो. कोळंबी मागणीनुसार वाजत नाही. कधी दोन मिनिटं जातात, कधी पाच. पलीकडून मागच्या अंगणातला कावळा ऐकू येतो, कुणीतरी बादली ओढतं, आईचा श्वास. ती फोन ठेवत नाही.